तांब्यातल्या काड्या

आणीबाणी लागली आणि विहारातला रविवारचा वर्ग बंद पडला. बंद करा, असे कोणी लेखी कळवले नव्हते. चौकीतला हवालदार सायकलवरून आला, विहाराच्या पायरीवर बसून तांब्याभर पाणी प्यायला आणि पाचांहून जास्त माणसे एकत्र बसू नका, एवढे सांगून गेला. वर्ग माझे वडील घेत. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर होते. रविवारी वंदना झाली की ते वस्तीतल्या लोकांना एकेका देशाची माहिती सांगत. तिथे राज्य कोण चालवते, त्याला कोणी निवडले, आणि तो जायला तयार नसेल तर त्याला घालवायची काय सोय आहे, असे तीन प्रश्न प्रत्येक देशाला विचारले जात. तिसरा प्रश्न नानांना सर्वांत महत्त्वाचा वाटे. पुढच्या रविवारी त्यांनी विहाराच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा काढला, गुंडाळून सायकलच्या दांडीला बांधला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगला.

"नाना, आपण बरोबर पाच आहोत," माझा मोठा भाऊ म्हणाला. "शेजारून कोणी साखर मागायला आलं तर दारातूनच द्या. आत आलं तर सरकार पडेल."

"मंग मी भायेर बसते," आत्या म्हणाली. "मला कुठं फारीनला जायचं हाय?"

"अक्का, तू इथंच बस," नाना म्हणाले. "तुझं मत लागतं."

आत्या नानांची मोठी बहीण. तिचे सासर चांदवडचे, पण नवरा गेल्यापासून ती आमच्याकडे राहायची. ती, नाना, आई, दादा आणि मी, असे पाच जण दोन खोल्यांत होतो. शेजारच्या खोलीत लग्नपत्रिका छापणारा एक छोटा छापखाना होता. त्याच्या पायाने चालवायच्या यंत्राचा आवाज सकाळी सुरू होई आणि आमच्या भिंतीतून जमिनीत उतरे. मांडणीवरच्या पितळी वाट्या त्या तालावर हलत. सकाळी कारखान्याची बस नाक्यावर हॉर्न देई. मग नाना जात, वर्षभरापासून त्यांच्याबरोबर दादाही जाई. घरात आम्ही तिघी उरायचो. आईकडे दोन स्टोव्ह होते. पहिला पेटवला की ती काडी विझू देई, तीच पहिल्याच्या ज्योतीला लावून दुसरा पेटवी आणि मग ती जळकी काडी पुन्हा एका वाटीत ठेवी. वाटी कधी रिकामी नसे. रविवारी बाजरीची भाकरी आणि बोंबलाचे लाल कालवण असे, पाऊस लागला की हुलग्याचे शेंगोळे. देशांची तुलना नाना जेवण झाल्यावर करीत, त्यामुळे मला अजून पोर्तुगाल म्हटले की बोंबलाचा वास आठवतो.

पोर्तुगालवर ते दोन रविवार बोलले. तिथे जवळपास अर्धे शतक हुकूमशाही होती. सैनिकांनीच ती उलथवली, त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी फुले खोचली, आणि वर्षभरात लोकांनी रांगा लावून मतदान केले. ग्रीसमध्ये लष्कर गेले आणि राजा परत हवा का, हे लोकांना विचारण्यात आले. लोक नको म्हणाले. उलट चिलीत निवडून आलेला माणूस लष्कराने संपवला. बांगलादेश आपल्या डोळ्यांसमोर झालेला देश, तिथे आधी एकच पक्ष ठेवला गेला आणि मग तोही राहिला नाही. "काही देश आत येतायत, काही बाहेर जातायत," नाना म्हणत. "दार एकच आहे." आपला देश त्या दारात कुठे उभा आहे, हे ते बोलत नसत. तिथे आल्यावर ते रेडिओ लावायला उठत. रेडिओ तापायला वेळ लागे. त्याचा हिरवा दिवा उजळला की परदेशी केंद्राच्या हिंदी बातम्या शिट्यांमधून येत, आणि आपल्याच देशात काय चालले आहे ते आम्हाला समुद्रापलीकडून कळे. आवाज इतका लहान ठेवलेला असे की पाचही जण रेडिओकडे वाकून बसत.

आमच्या घरात प्रश्न मताला टाकले जात. नव्या चादरी घ्यायच्या की पंखा, दादाने कारखान्यात लागायचे की कॉलेज पुढे चालवायचे, असे सगळे प्रश्न. सभेचे अध्यक्ष नाना. अध्यक्षाने चर्चेत बोलायचे नाही, मत मात्र सगळ्यांबरोबर द्यायचे. हरलेल्याने निकाल मानायचा आणि तो विषय वर्षभर पुन्हा काढायचा नाही. मत हात वर करून द्यायचे असे. आई आधी नानांच्या हाताकडे बघे आणि मग तिचा हात वर जाई. हे आम्हा सर्वांना दिसत होते. नानांनाही दिसत असावे. पण त्यावर कधी कोणी बोलले नाही.

बी.ए.चा निकाल लागला त्या उन्हाळ्यात मी माझा विषय मांडला. पुण्याला वृत्तपत्रविद्येचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता, मुलींचे वसतिगृह होते, आणि मला प्रवेश मिळण्यासारखे गुण होते. तोपर्यंत आत्याने चांदवडचे एक स्थळ दोनदा घरात बोलून दाखवले होते. मुलाची कांद्याच्या मार्केटात आडत होती. मी पुण्याला गेले नाही तर काय होणार, ते समजायला फार डोके लागत नव्हते.

मतदान मीच मागितले. हे इथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यातून आले. मी मनात आकडेमोड केली होती. दादा विरोधात जाणार, हे त्याच्या बोलण्यावरून कळले होते. नानांचाही नकार असणार, असे मी धरले होते. ज्या काळात वर्तमानपत्रे सरकारी माणसाला दाखवून छापावी लागत होती, त्या काळात मुलीला त्याच धंद्यात कोण धाडील? आत्या बोलायला कडक, पण एकटीने आयुष्य काढलेली बाई, ती माझ्या बाजूने येईल असे मला वाटत होते. आईबद्दल तर मला शंकाच नव्हती. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ती छापखान्यात जाऊन, पोरगी वाचतेय, जरा हळू चालवा, असे सांगून यायची. अडचण एकच होती. हात वर करायची वेळ आली की ती नानांकडे बघणार. म्हणून मी गुप्त मतदान मागितले.

नाना खुश झाले. भगवान बुद्धांच्या संघात भिक्खू शलाका वापरून मत देत, शलाका म्हणजे लाकडाच्या काड्या, आणि त्यात उघड पद्धत होती तशी गुप्तही होती, हे ते विहारात कितीदा तरी सांगत. ते वापरायची संधी त्यांना घरात कधी मिळाली नव्हती. त्यांनी आईच्या वाटीतल्या जळक्या काड्या आणल्या, पेटीतल्या नव्या काड्या काढल्या आणि प्रत्येकाच्या हातात दोन्हींतली एक-एक दिली. मोकळी, न पेटवलेली काडी म्हणजे जाऊ द्या, जळकी म्हणजे नको. आतल्या खोलीत तांब्या ठेवला. एकेकाने आत जायचे, एक काडी तांब्यात टाकायची आणि दुसरी तिथल्या भांडी घासायच्या राखेत खुपसायची.

त्याआधी चर्चा झाली.

"माझी पोलीस चौकशी अजून व्हायचीय," दादा म्हणाला. "ती झाल्याशिवाय मी कायम होत नाही. विमानाचा कारखाना आहे, बिस्किटांचा नाही. बहीण काय करते, असं विचारलं तर काय सांगू? पेपरात लिहिते?"

"एका वर्षात मी काय लिहिणार आहे? शिकायलाच जाणार ना?"

"शशे, हल्ली शिकणाऱ्यांनाच उचलतात. लिहिणारे केव्हाच आत गेलेत."

"आन् एक वर्साची तीन वर्सं व्हत्यात," आत्या म्हणाली. "तवर चांदवडवाले काय पाट मांडून बसत्याल? लय चांगलं घर हाय. गाईम्हशी हायेत, मोटरसायकल हाय."

"मोटरसायकलशी लग्न लाव मग तिचं," दादा म्हणाला.

"तू गप. तू तर नगंच म्हणतो ना? मंग माझ्याकडून बोल की."

आईला बोलायचे आहे का, असे नानांनी विचारले, तेव्हा तिने पदराने कपाळ पुसले आणि नाही म्हणून मान हलवली.

नानांनी तांब्या पाटावर उपडा केला. दोन काड्या मोकळ्या होत्या, तीन जळक्या. त्यांनी त्या दोन बाजूंना लावल्या, पुन्हा एकदा बघितल्या आणि सभा संपल्याचे जाहीर केले. आत्या लगेच म्हणाली, "म्या जळकी टाकली बाई. मला लपवालपवी येत नाय." दादाने मत आधीच सांगितले होते. तिसरी जळकी काडी नानांची, असा मी निष्कर्ष काढला, आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणे बंद केले.

पुढचे महिने कसे गेले, ते सांगण्यासारखे फारसे नाही. बंदी असलेल्या घरातून पळून जाता येते, रडता येते, उपास करता येतो. शेजारच्या वस्तीतल्या एका मुलीला बापाने कोंडले होते, तिच्या बाजूने निदान चार बायका बोलत होत्या. माझ्या घरात दाराला कडी नव्हती. मला कोणी मारले नाही, रागावले नाही, कॉलेजची पुस्तके हिसकावली नाहीत. मी मागितलेले मतदान, मी मागितलेल्या पद्धतीने, सगळे नियम पाळून झाले होते. त्याविरुद्ध तक्रार करायला जागाच नव्हती. मी छापखान्यात मुद्रिते तपासायला जाऊ लागले. वर्षभर मी इतरांच्या लग्नपत्रिकांतल्या चुका काढल्या. संध्याकाळी रेडिओकडे वाकून बसायचे, पण नानांच्या बाजूला नाही. भिंतीवर नकाशा होता. त्यातल्या कुठल्याही देशात जाणे आणि पुण्याला जाणे मला सारखेच दूर झाले होते.

तिसरी काडी कोणाची, ते दिवाळीच्या सुमाराला कळले. आई चिवड्यासाठी पोहे भाजत होती आणि मी शेंगदाण्यांची साले काढत होते. नानांविषयी मी काहीतरी तिरके बोलले. आईने स्टोव्ह बारीक केला.

"त्यांना बोलू नकोस. ती काडी माझी होती."

मला आधी समजलेच नाही. मी म्हणाले, "कुठली?"

"जळकी. तिसरी." ती पोहे हलवत राहिली. "इतकी वर्षं त्यांच्या हाताकडे बघून हात वर केला. त्या दिवशी कोणी बघत नव्हतं. मग मला काय पाहिजे, ते मी टाकलं."

"आणि तुला काय पाहिजे होतं?"

"तू पाहिजे होतीस. ही दोघं बसने जातात, आत्या पडून राहते. दिवसभर मी कोणाशी बोलू, सांग."

नंतरचा हिशेब सोपा होता. दुसरी मोकळी काडी नानांची होती. हात वर करून मतदान झाले असते तर आईने नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे पाहिले असते, त्यांचा हात वर दिसला असता, तिचाही गेला असता, आणि तीन विरुद्ध दोन अशी मी जूनमध्ये पुण्याला पोचले असते.

त्याच संध्याकाळी मी नानांशी बोलले. ते ओट्यावर सायकलच्या चाकाला तेल देत होते.

"तुमची काडी मोकळी होती," मी म्हणाले.

"कोणाची कुठली होती, ते विचारायचं नसतं."

"विचारत नाही, सांगतेय. नाना, तुम्ही एकदा सगळ्यांना सांगा. तुम्ही हो म्हणालात की कोणी नाही म्हणणार नाही."

"ते मला माहीत आहे." त्यांनी चाक फिरवून बघितले. "म्हणूनच सांगणार नाही. निकाल मनासारखा लागला नाही की खुर्चीवरच्या माणसाने नियम गुंडाळून ठेवायचे, हे दिल्लीला चाललंय. तेच मी दोन खोल्यांत करू?"

हे ते इतक्या हळू बोलले की तेलाच्या बुधलीचा टक-टक आवाज त्याहून मोठा होता. इतर बापांनी मुलींना हुकूम करून अडवले, माझ्या बापाने हुकूम करायला नकार देऊन अडवले. त्या वेळी मला दोन्हींतला फरक दिसला नाही.

पुढे मी वर्तमानपत्रात आंतरराष्ट्रीय पान सांभाळले. निवृत्त होऊनही बातम्यांची सवय सुटलेली नाही. स्वित्झर्लंडचे लोक मैदानात जमून हात वर करून निर्णय घेतात, म्हणून नानांना त्या देशाचे फार कौतुक होते. तिथल्या एका प्रांतात मैदानात फक्त पुरुष जमत, आणि बायकांना मताचा अधिकार द्यावा का, या प्रश्नावर दरवेळी ते हात वर करून नाही म्हणत. शेवटी देशाच्या न्यायालयाने तो अधिकार दिला. ही बातमी माझ्याच टेबलावर आली होती. मी तिला एका स्तंभाचा मथळा दिला. आज जगभरच्या बातम्या बघताना दिसते की रणगाडे आणून राज्य घेण्याची पद्धत गेलेली नाही, पण कमी झाली आहे. बहुतेक ठिकाणी निवडणुका वेळेवर होतात. जिंकलेला माणूस मग बहुमताने मुदत वाढवून घेतो, बहुमताने न्यायाधीश बदलतो, आणि विचारले की आकडे दाखवतो. दक्षिण कोरियात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा खासदार कुंपणावर चढून सभागृहात गेले आणि काही तासांत त्यांनी तो मताने मोडून काढला. म्हणजे मतानेच दार बंद होते आणि मतानेच उघडते. मतदान झाले का, एवढे विचारून काहीच कळत नाही. मताला काय टाकले, हेही विचारावे लागते. मला हा प्रश्न नकाशावरून सुचला नाही, आमच्या घरातून सुचला.

त्या दिवाळीनंतरच्या मार्चमध्ये निवडणूक झाली आणि आणीबाणी उठली. वस्तीत गुलाल उडाला, आणि नाना नकाशा सायकलला बांधून परत विहारात घेऊन गेले. पहिल्याच रविवारी विहार भरून लोक बाहेर पायऱ्यांवर बसले होते. त्या दिवशी नाना पहिल्यांदा आपल्या देशावर बोलले. मी बायकांच्या बाजूला मागे उभी होते. ते म्हणाले, "काही हक्क मताला टाकायचेच नसतात. सगळा देश एका बाजूला गेला तरी एका माणसाचा तो हक्क काढता येत नाही. म्हणून ते घटनेत वेगळे लिहिले आहेत. या पावणेदोन वर्षांत तेच बाजूला ठेवले गेले होते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून बघत होते.

जून आला. वर्ष पुरे झाले होते. नानांनी स्वतःच जेवणानंतर सभा बोलावली. दादा कायम झाला होता, त्याला आता हरकत नव्हती. चांदवडच्या मुलाचे लग्न दुसरीकडे झाले होते आणि आत्या त्या घराला नावे ठेवू लागली होती. मतदान झाले असते तर मी जिंकले असते. नानांनी पेटीतून काड्या काढल्या.

"माझा हरकतीचा मुद्दा आहे," मी म्हणाले.

"आता काय?" दादा म्हणाला. "जिंकतेयस ना? गप मत दे आणि बॅग भर."

"हा विषय मताला टाकता येत नाही. मी कुठे राहायचं, काय शिकायचं, ते माझं आहे. जिंकून मिळालं तर पुढच्या वर्षी हरून जाईल."

नानांनी हातातल्या काड्यांकडे पाहिले. छापखान्याचे यंत्र बंद होते, रविवार होता. मग त्यांनी काड्या पेटीत परत भरल्या.

"मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "हा विषय या सभेच्या अधिकारात नाही. गेल्या वर्षीही नव्हता. तिने जायचं तर जावं."

"म्हंजी झालं?" आत्या म्हणाली. "मंग वरीसभर पोरीला कशापायी बशिवली?"

आई खरकटी ताटे गोळा करत होती. ती थांबली.

"म्हणजे मी गेल्या वर्षी टाकलेली काडी मोजायची नाही?"

"मोजली होती ना," नाना म्हणाले. "पण तो प्रश्नच टाकायला नको होता. चूक अध्यक्षाची. तुझी नाही."

"मी ती का टाकली, ते तुम्हाला ठाऊक नाही," आई म्हणाली. "मला ठाऊक आहे." आणि ताटे घेऊन मोरीकडे गेली.

मी पुण्याला गेले. आईने चिवड्याचा डबा भरून दिला, स्टँडवर मात्र आली नाही. पुढे सुट्ट्यांना घरी यायचे तेव्हा ती माझ्याशी आधीसारखीच बोलायची, शेजारच्या गोष्टी सांगायची, निघताना पाठीवरून हात फिरवायची. नानांनी त्यानंतर दोन-तीनदा विषय मताला टाकायचा प्रयत्न केला. एकदा घराला रंग कुठला द्यायचा, हा विषय होता. दादा आणि आत्या ठरल्याप्रमाणे पाटावर येऊन बसले होते, सुटीत आलेली मीही होते. आई आतून भाकरी थापत म्हणाली, "तुम्हीच ठरवा. नंतर पुन्हा सांगाल, हे तुला विचारायला नको होतं." नाना दारात उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. भिंती पिवळ्या झाल्या. आमच्या घरात पुन्हा मतदान झाले नाही.